येता हां तो

पटलं नाही तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं काहीच नाही.

गेल्या नोव्हेंबरातली शनिवारची संध्याकाळ. मुलुंड पूर्व. आमच्या गल्लीतलं जयवंतकाकांचं पिझ्झाचं दुकान.

चार टेबलं, एक ओव्हन आणि काकांचा आवाज. पिझ्झा तयार झाला की काका गिऱ्हाइकाचं नाव पुकारायचे. अख्ख्या गल्लीला कळायचं.

आमच्याकडून नाव कायम एकच. सिद्धेश. माझा धाकटा भाऊ. ऑर्डर देऊन हा बाहेर मित्रांशी गप्पा ठोकत उभा राहायचा. काकांची हाक आली की आई बसल्या जागेवरून ओरडायची, "येता हां तो!" आई मालवणची. मग हा पळत यायचा आणि कोलंबी पिझ्झाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलायचा.

सिद्धेश त्या पावसाळ्यात डेंग्यूने गेला.

आईने जेवण जवळपास टाकलंच. हीपण जाते की काय, अशी भीती वाटायची. म्हणून त्या संध्याकाळी मी तिला ओढतच काकांकडे नेलं. नाव माझं सांगितलं, निधी.

काकांनी नुसती मान हलवली. दिवाळीआधी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेला तो गेलाच. आता ते चिमट्याने ताट वाजवायचे.

"खाशील ना थोडं?"

"बघूया," आई म्हणाली.

बाहेर पोरांच्या गप्पा चालल्या होत्या.

त्या एकदम थांबल्या...

ओव्हनवरचा पंखाही थांबला...

"सिद्धेऽऽश..."

काकांचा आवाज. जुना, खणखणीत.

मी काउंटरकडे बघितलं. काकांचं तोंड मिटलेलं होतं. चिमटा तसाच धरून ते दाराकडे बघत होते. त्यांनीही ऐकलं होतं.

आणि आई सवयीने ओरडली, "येता हां तो!"

मग तिचं तिलाच कळलं. आम्हाला लहानपणापासून तिनेच शिकवलं होतं. हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस पुन्हा हाक मारतो. ते मारत नाही.

बाहेरून पळत येणाऱ्या चपला वाजल्या...

दाराशी येऊन थांबल्या.

दारात कोणीच नव्हतं.

पिझ्झा आला. आईने सगळ्यात मोठा तुकडा बाजूला काढून ठेवला. बाकीचा ती पोटभर जेवली. कित्येक महिन्यांनी.

मला आनंद व्हायला हवा होता.

घरी जिना चढताना आमच्या मागे चपला वाजत होत्या. मी वळून बघितलं नाही.

तेव्हापासून आई रोज जेवते. घरात आम्ही दोघीच, पण ती ताटं तीन मांडते.

पण काल दिवेलागणीला ती माझ्यासमोर भाजी निवडत बसली होती. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. तिथून हाक आली...

"आई..."

सिद्धेशचाच आवाज.

आईचा चेहरा उजळला. ती ओ देणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला.

"सोड गो," ती हाताआडून म्हणाली. "माझो झील आसा तो."

मी सोडलं नाही. दोघी रडत होतो, आणि कान देऊन बसलो होतो.

दुसरी हाक आली नाही.

आज मी कामावर गेले नाही. उद्याही जाणार नाही. पण कधीतरी आईला घरी एकटं सोडून जावंच लागेल ना...