ऑम्लेटची करपलेली कड

आमची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्याही हातात उपडा चमचा होता.

उपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात दर मंगळवारी सकाळी एक वर्ग भरायचा, ज्यांच्या घरी कुणाला गिळायला त्रास होतो अशा नातेवाइकांसाठी. प्युरी, म्हणजे वाटून गाळलेलं अन्न, चमच्यात घ्यायची आणि चमचा उपडा करायचा. तिने क्षणभर थांबून एका गोळ्यात खाली पडायला हवं. थेंब थेंब गळली तर श्वासनलिकेत जायची भीती, चिकटून बसली तर घशातही चिकटणार. केंद्राचा आचारी पुढे उभा राहून करून दाखवत होता. त्याची पडली. सगळ्यांची पडली. माझा बटाटा चमच्याला लटकूनच राहिला.

आचारी जवळ आला, वाकून त्याने चमच्याखालून पाहिलं. "हट्टी आहे."

"घरातलं वळण आहे," मी म्हणाले.

तो हसला... आणि नेमका तेव्हाच बटाटा त्याच्या बुटावर पडला. "एका गोळ्यात पडला," तो बुटाकडे बघत म्हणाला. "पास."

हट्टी म्हणजे आमचे बाबा. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं. आई गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, गिळणं सावरलं नाही. मी रोज सकाळी काहीबाही शिजवून, वाटून, गाळून त्यांच्यापुढे ठेवायची. ते वाटीत बघायचे, म्हणायचे की हे आधीच कुणीतरी खाल्लेलं आहे, आणि वाटी सरकवायचे. वजन साडेचार किलो उतरलं होतं. पुढच्या सोमवारी आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नळीची जाडी किती, एवढंच विचारलं.

वर्ग संपल्यावर आचाऱ्याने मला थांबवून विचारलं की आधी ते नाश्त्याला काय खायचे. ऑम्लेट, मी सांगितलं. आई गप्पा मारता मारता गॅसकडे पाठ करायची, म्हणून त्याची एक कड रोज करपायची. बाबा रोज तक्रार करायचे, आणि रोज ती कड आधी खायचे. एवढं सांगून मी उगाचच स्वच्छ गाळणी परत धुवायला घेतली. अशा वेळी लोक काय म्हणतात ते मला पाठ झालं होतं. मी वाट बघत राहिले.

"किती करपलेली?" त्याने विचारलं. "तपकिरी की काळी?"

मी वळले. त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. कानाच्या पाळीला पीठ लागलं होतं.

"काळ्याकडे झुकणारी तपकिरी."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. माझं काम बहुधा तिथेच तमाम झालं.

रविवारी सकाळी सातला तो मिक्सर काखेत मारून दारात हजर. अंडी दुधात मऊ शिजवून, वाटून, गाळून अर्धचंद्राच्या साच्यात भरायची, आणि कडेला गडद रेघ ओढायची ती लोण्यात खरपूस परतून वाटलेल्या कांद्याची, असा त्याचा बेत होता. पहिला कांदा फिका निघाला. दुसऱ्याचा कोळसा झाला. तिसऱ्याच्या वेळी आम्ही दोघं एकाच कढईवर वाकलो होतो – कांद्याला गरज होती त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

"कांदा झोंबला का?" त्याने माझ्या डोळ्यांकडे बघत हळूच विचारलं.

"कांदा चिरून अर्धा तास झाला," मी म्हणाले.

त्याने फक्त आच कमी केली, आणि तिथून हलला नाही.

बाबांनी ताटली फिरवून फिरवून पाहिली. काठ वाकडा शिवलाय, असं मत दिलं. मग हनुवटी छातीशी टेकवून, शिकवल्याप्रमाणे, एक चमचा घेतला. घास उतरला की "आ" म्हणायचं असतं. आवाज ओला, घोगरा आला तर घास नीट उतरलेला नाही.

"काका, आ म्हणा," आचारी म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करपलंय," ते म्हणाले. लख्ख, कोरड्या आवाजात. आणि दुसरा चमचा भरला.

सोमवारी वजन दोनशे ग्रॅमने वाढलेलं निघालं. नळी टळली. घरी येताना मला भलतीच काळजी लागली – आता तो कशाला येईल?

तो आला. बुधवारी साचा परत न्यायला आला आणि विसरून गेला. शुक्रवारी विसरलेला साचा न्यायला आला आणि पुन्हा विसरला. शेवटी मीच रविवारी आभाराचा नाश्ता म्हणून बोलावलं. पहाटे उठले, टेबलावर नवं कापड घातलं, तीन ताटं मांडली. तो जेवढं वाढलं तेवढं मुकाट्याने खात होता. त्याचं अर्धं ताट संपल्यावर माझ्या लक्षात आलं. कित्येक महिने मी दुसरं काही रांधलंच नव्हतं. धडधाकट माणसाला मी गाळलेली अंडी, गाळलेला बटाटा आणि दुधात विरघळवलेला पाव वाढला होता. चहासुद्धा घट्ट करायची पावडर घालून बाबांच्या चहासारखा दाट केलेला. त्याने तोही चमच्याने खाल्ला होता.

बाबा मघापासून त्याच्याकडे बघत होते.

"बत्तीस दात असून हे खातोय," ते मला म्हणाले. "म्हणजे हा नाश्त्याला आलेला नाही."

त्याचे कान लाल झाले. "नाही, काका," तो ताटाकडे बघत म्हणाला. "नाश्त्याला नाही आलो."

"आणि तू गं? लक्ष कुठे होतं तुझं?"

खोटं सुचायला थोडा वेळ लागतो. तेवढा मिळाला नाही.

"यांच्याकडे," मी म्हणाले.

बाबांनी तोंड पुसलं. मग त्याला आधी काहीतरी चावायला दे, असं फर्मावलं.

मी स्वयंपाकघरात पळाले. तो मागोमाग आला. फडताळं उघडली, डबे पालथे घातले. चावण्यासारखं घरात एक गाजर निघालं, तेही मऊ पडायच्या बेतात. त्याने ते मधोमध मोडलं, मोठा तुकडा मला दिला. ओट्याला टेकून आम्ही दोघं खात राहिलो... बोलायचं बरंच होतं, पण तोंडं भरलेली होती. त्या घरात किती दिवसांनी काहीतरी कडाकडा वाजत होतं.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "हळू चावा. ऐकू येतंय."