बोरखडी फाट्यावरची पाणपोई

एक कोडं घालते. रस्ता एकच, ऊन एकच, वेळ भर दुपारची. रस्त्याच्या एका बाजूला जुनाट पाणपोई आणि बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, कोरा करकरीत सरकारी थांबा. दोन्हीकडे मातीचे रांजण, दोन्हीकडे वाळ्याचे ओले पडदे, दोन्हीकडे गवताचं छप्पर. तरी पाणपोईत बसलं की डोळे आपोआप मिटावेत असा गारवा आणि थांब्यात बसलं की अंगाची लाही लाही. असं का?

हे कोडं मला अकराव्या वर्षी पडलं. २०४६ सालचा उन्हाळा होता. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण त्या पाणपोईतल्या ओल्या वाळ्याचा वास अजून नाकात आहे. एखाद्या दुपारी तो आठवतो आणि मग बराच वेळ हातातलं काम तसंच राहतं.

सुट्टी लागली की आई मला बोरखडीला आबाजींकडे सोडायची. आबाजी म्हणजे आईचे वडील, प्रल्हाद लहाने. सगळी नोकरी वेधशाळेत केलेले हवामानशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर त्यांनी आभाळाकडे बघणं सोडलं नाही, फक्त खुर्ची बदलली. आता ती खुर्ची फाट्यावरच्या पाणपोईत होती. शेजारी मी आणि पलीकडे गडू.

गडू हा पाणपोईतला यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). शेगावच्या पोरांनी भंगारातून जोडलेला. एक हात लांब, त्यात झारी. प्रवासी आला की त्याच्या ओंजळीत धार धरायची आणि वर तापमान सांगायचं. कोणी विचारलेलं नसे, पण सांगितल्याशिवाय गडूला चैन पडत नसे. "नमस्कार. बाहेर पंचेचाळीस अंश. आत चौतीस. सावकाश प्या," असं तो म्हणायचा आणि म्हातारी माणसं त्याला हात जोडायची.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी तायडे मॅडम आल्या. जिल्ह्याच्या उन्हाळा विभागाच्या त्या इंजिनियर. दोन ओंजळी पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सर, समोरचा थांबा तयार झाला. आता नियमाप्रमाणं एका फाट्याला एकाच ठिकाणचं पाणी मिळणार. आखाजीपासून पाणपोई बंद करावी लागेल."

मी आबाजींकडे पाहिलं. वाटलं, आता ते भडकणार. ते शांतपणे म्हणाले, "अन् थांबा नाई चालला तर?"

"तर पाणपोई राहील. तोवर आम्ही थांब्याची तपासणी करतोच आहोत."

तेवढं एक वाक्य मी पकडून ठेवलं. मॅडमची गाडी वळली तशी मी गडूचा हात धरला आणि त्याला ओढत रस्ता ओलांडला.

थांब्यात पाऊल टाकताच गडू बोलला, "आत त्रेचाळीस अंश. बसण्यास योग्य नाही."

मी टाळ्याच पिटल्या. बाकावर एक आजीबाई पदरानं वारा घेत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाळ्या आवरल्या.

परत येऊन आबाजींना सांगितलं. "थांबा नापास झाला! पाणपोई राहणार!"

"काऊन नापास झाला वं?" आबाजींनी विचारलं.

"काऊन म्हणजे? गरम आहे म्हणून."

"ते गडूनं सांगितलं. तू काय सांगतं? सामान तर तेच हाय."

मग नेहमीप्रमाणे आबाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांना वेलीवरून फळ थेट तोडून देणं ठाऊकच नव्हतं, आधी बी पेरायला लावत.

त्यांनी माझ्या मनगटावर झारीतलं पाणी शिंपडलं आणि फुंकर मारली. गार लागलं.

"पाणी उडून गेलं, त्याची वाफ झाली. याला बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळणं) म्हणतात. वाफ व्हायला उष्णता लागते. ती पाण्यानं कुठून घेतली?"

"माझ्या हातातून."

"हां. रांजणाच्या अंगाला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, अन् उष्णता जाते आतल्या पाण्यातून. म्हणून पाणी गार. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. तो पडदा ओला ठेवला अन् त्यातून कोरडी गरम हवा आत आली, तर येता येता ती आपली उष्णता वाळ्यातल्या पाण्याला देते. म्हणून आत गारवा. एका दिव्याएवढी पण वीज नाई लागत."

"हे तुम्ही शोधलं?"

आबाजी हसले. "लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. मोजून पाह्यलं ते आमी. अन् त्याच्यामागं फातेमाबाई होती."

फातेमाबाई मी फक्त फोटोत पाहिली होती. फाट्याजवळ तिचा बर्फाचा कारखाना होता. फुकट गार पाणी देणारी पाणपोई बर्फवालीनं घातली, यावर सारं गाव तेव्हा हसलं होतं म्हणे.

"एक दिवस ती मले म्हणाली, लहानेसाहेब, मी पाण्याचा बर्फ करते, म्हणजे त्यातली गरमी काढते. मग ती गरमी जाते कुठं? मी तिले कारखान्याच्या मागं नेलं. तिथं यंत्रातून गरम वाफारे बाहेर पडत होते, अन् त्याच भिंतीच्या सावलीत तिचे हमाल जेवत होते. मग मी अजून सांगितलं, की तुह्या यंत्राची वीज कोळशातून येते. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो, डोळ्याले न दिसणारा वायू. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो अन् आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाई. गोधडी जाड होत गेली, तसे आपले उन्हाळे वाढत गेले. म्हणजे एक लादी बर्फ, अन् गरमी दोन्हीकडून."

"मग तिनं कारखाना बंद केला?"

"नाई. तसं करून काय होणार होतं? दुसरा कोणी उघडला असता. तिनं मले ही जागा दिली, खर्च दिला अन् म्हणाली, विजेवाचून गारवा करून दाखवा. पहिल्या वर्षी आमी गोणपाटाचे पडदे लावले. असा कुबट वास सुटला की गाढवं पण फिरकत नव्हती! ती पोट धरून हसली. म्हणाली, जाऊ द्या, माझेच पैसे होते, पुढच्या वर्षी दुसरं करा."

आबाजींची नजर रस्त्यावर होती, पण ते रस्ता पाहत नव्हते.

"हेच सरकारनं केलं असतं तर? लोकांच्या कराचा पैसा गोणपाटात घातला म्हणून बोंबाबोंब झाली असती. अन् ती बरोबरच. सरकारले खात्री लागते. फातेमाबाईले चुकायची मुभा होती. दातृत्व (स्वतःजवळचं दुसऱ्यासाठी मनापासून देणं) म्हणतात ना, त्याची खरी ताकद ही. जे अजून सिद्ध झालं नाई, ते करून पाहायचं धाडस."

"मग फातेमाबाईसारखे खूप लोक असते, तर सगळीकडे पाणपोया झाल्या असत्या."

"थोड्या झाल्या असत्या. जिथं दाता, तिथं गारवा. जिथं दाता नाई तिथं?" त्यांनी बोटानं लांबचं, उन्हात थरथरणारं क्षितिज दाखवलं. "अन् गोधडीचं काय? एखादा दानशूर माणूस दुसऱ्याच्या धुराड्याले सांगू शकते काय, की थांब? ते काम धोरणाचं. धोरण म्हणजे सगळ्यांसाठी मिळून ठरवलेली दिशा अन् तिचे नियम. आपली वीज आता बरीचशी सूर्यावर आली, ती कोणाच्या दानातून नाई आली, नियमातून आली. अन् आपली पाणपोई मोजून, तपासून, समितीनं इथं येऊन पाहून, राज्यभरातले थांबे कसे बांधायचे त्याचा नकाशा झाला."

मला ते सगळं पटत होतं आणि मुळीच नको होतं. मला माझी पाणपोई हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच थांब्यात जाऊन बसले. कोडं सुटत नव्हतं म्हणून नाही, तर तो थांबा नापासच आहे हे पुन्हा एकदा बघायला. घामानं मान भिजली होती. रांजणातलं पाणी पिऊन मी ओले हात झटकले, आणि उजव्या हाताला गार लागलं. वारा उजवीकडून येत होता. मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. आता तोंडावर भट्टीसारखा वारा आला. थांब्याची मागची बाजू सताड उघडी होती, तिथून वारा सरळ आत घुसत होता आणि वाळ्याच्या पडद्यातून रस्त्याकडे निघून जात होता. म्हणजे थांबा रस्त्याला गार करत होता!

आमच्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. पाणपोई रस्त्याच्या पूर्वेला, म्हणून तिची रस्त्याकडची बाजू पश्चिमेला. वाळा तिथंच. थांबा रस्त्याच्या पश्चिमेला, त्याची रस्त्याकडची बाजू पूर्वेला. आणि वाळा? तोही रस्त्याकडेच. समितीची माणसं आमच्या पाणपोईत आली असतील, गार पाणी प्यायली असतील आणि नकाशात लिहून गेली असतील, 'पडदा रस्त्याच्या बाजूस'. वारा कुठून येतो हे लिहायचं राहिलं.

कोडं सुटलं. हे सांगितलं तर पडदा फिरवतील. पडदा फिरवला की थांबा गार होईल. थांबा गार झाला की पाणपोई बंद. आणि हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. गडूलासुद्धा नाही, त्याला नुसतं मोजता येत होतं.

मी परत येऊन आबाजींच्या पायाशी बसले. समोर कालच्याच आजीबाई पुन्हा थांब्यात आल्या. रस्ता ओलांडायचं त्राण नसावं. गडू झारी घेऊन त्यांच्याकडे गेला.

"आबाजी, असे थांबे किती ठिकाणी आहेत?"

"जिल्ह्यात जितके फाटे, तितके. काऊन?"

"त्यांच्यासमोर पाणपोई असते?"

"नाई वं. फातेमाबाई एकच होती."

मग मला रडू फुटलं. रडत रडतच मी त्यांना वारा, रस्ता, पडदा, सगळं सांगितलं. आबाजी उठून उभे राहिले. ओला पंचा हातात धरून त्यांनी वारा पाहिला, रस्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. एवढा अभिमान माझ्याबद्दल पुन्हा कोणाच्या डोळ्यांत मी पाहिला नाही. पुढं परीक्षा पास झाले, पदं मिळाली, तरी नाही.

आबाजींनी बोलावलं, तशा तायडे मॅडम संध्याकाळी आल्या. त्यांनी स्वतः शिडी लावून पडदा मागच्या बाजूला नेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गडू थांब्यात गेला आणि तिथूनच ओरडला, "आत पस्तीस अंश. सावकाश प्या." मॅडमनी तिथूनच वर फोन लावला. नकाशातलं वाक्य बदललं. 'पडदा वाऱ्याच्या बाजूस.' सगळ्या फाट्यांसाठी.

आणि आखाजी आली.

त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आबाजींनी आजीच्या नावानं भरली, मग दुसरी घागर घेतली आणि फातेमाबाईच्या नावानं भरली. रिवाज असा, की घागर आपल्या घरच्यांसाठी. गावातली बरीच माणसं आली होती, तिच्या कारखान्यातला एक म्हातारा हमालही. तो त्या घागरीतलं पाणी ओंजळीनं प्यायला आणि त्यानं ओले हात डोळ्यांना लावले. मला आजही तो दिवस आठवला की गलबलतं.

मग रांजण रिकामा केला आणि गाडीवर चढवला. मला वाटलं, कुंभाराकडे परत चाललाय. गाडी वळली शाळेकडे.

"तिकडं कशाला?"

"शाळेचं पत्र्याचं छप्पर तापते. पोरं दुपारी भोवंडतात," आबाजी म्हणाले. "छपराले चुना द्यावा, की वर वेल चढवावे, की अजून काही, कोणाले माहीत नाई. शाळांसाठी नियम नाई अजून. फातेमाबाईनं मागं ठेवलेले पैसे तिथं लावू. चुकलो तर चुकलो."

"म्हणजे पाणपोई बंद नाही झाली?"

"जिथं नियम पोचला, तिथून उठली. नाई पोचला, तिथं जाऊन बसली."

मी रांजणाला धरून गाडीत बसले. मागं वळून पाहिलं तर पाणपोईच्या जागी नुसते चार खांब आणि रांजणाखालची ओली गोल जमीन दिसत होती. ती बघता बघता वाळली.

शाळांचा नियम पुढं चार वर्षांनी झाला. चुना जिंकला. वेलीवर माकडं आली होती, ती गोष्ट पुन्हा केव्हातरी आठवेन आणि एकटीच हसेन. आबाजी तो नियम पाहून गेले. आता राज्यभरातले असे नकाशे माझ्या टेबलावरून जातात आणि माझ्या हाताखालची तरुण मुलं माझी थट्टा करतात, कारण नकाशा कशाचाही असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला: वारा कुठून येतो?

फाट्यांवरच्या थांब्यांत बसणाऱ्यांना फातेमाबाई ठाऊक नाही. आधी याचं मला वाईट वाटायचं. मग एकदा एका थांब्यात एक लहान मुलगी ओंजळीनं पाणी पिताना पाहिली. ते पाणी कोणी दिलं असा प्रश्नच तिला पडला नव्हता. ते तिच्या हक्काचं होतं. फातेमाबाईला हेच आवडलं असतं, याची मला खात्री आहे.

गडू सध्या कोकणात आहे, एका बंदरावर. तिथली हवा आधीच ओली, तिच्यात वाफ मावत नाही, म्हणून वाळा आणि रांजण तिथं कुचकामी. तिथं काय चालेल हे अजून कोणालाच माहीत नाही, पण एका नौकामालकिणीनं आपली जाळी ठेवायची शेड प्रयोग करून पाहायला दिली आहे. काल गडूचा निरोप आला, "आत एकोणचाळीस अंश. प्रयोग फसला आहे. बाई हसत आहेत. आपण कधी येता?"

मी पिशवी भरून ठेवली आहे.