तीन थरांचा तुकडा

गोधडीसाठी मशीन घ्यायचं तर दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जायचं नाही. आपला तुकडा आपण न्यायचा: वर कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. तो सुईखाली घालायचा आणि बघायचं. एका पदरावर सगळीच मशीनं शहाणी असतात; तिसरा थर आला की त्यांची नाटकं सुरू होतात.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेली बाई. करून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. लेक माझ्या अगदी उलट. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं, आणि श्वास घ्यायचं मधेच विसरायचं. डॉक्टर म्हणत, वाट बघू. लेक म्हणाली, "आई, गोधडी शिवायला घे. घरी कुणीतरी वाट बघतंय, हे त्याला कळेल." एरवी मी असल्या बोलण्याला हसले असते. त्या दिवशी मशीन घ्यायला निघाले.

चाचणीच्या तुकड्यासाठी घाईत हाताला लागलं ते कापड कापलं. जन्मल्यावर बाळाला ज्यात गुंडाळलं होतं, ते. दुकानात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, कापड ते कापडच.

दुकान लांबट, तेलाच्या वासाचं. खिडकीपाशी नवी मशीनं ओळीनं मांडलेली. दुकानदार म्हातारा, बोलायला कंजूष. एका मशीननं दोरा तोडला, दुसऱ्यानं कापूस बाहेर काढला, तिसरं घुर्र करून बसलं ते बसलंच. मग त्यानं मागचं काळं पायमशीन पुढे ओढलं. त्यावर माझा तुकडा अलगद सरकला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. घाबरली की ती फोन लावून नुसती बसायची आणि मी ऐकत राहायचे. बाळाला लावलेल्या यंत्राचा बीप ऐकू येत होता. फोन शेजारी ठेवून मी पॅडल मारत राहिले. थोड्या वेळानं जाणवलं, सुई आणि बीप एकदमच पडतायत.

योगायोग, म्हटलं. पाय सावकाश केला. बीप सावकाश झाला.

पाय थांबवला.

फोनमधून लांबलचक कर्कश आवाज आला आणि लेक "सिस्टर, सिस्टर" करत रडायला लागली. मी घाईनं पॅडलवर पाय दिला. बीप परत आला.

प्रयोग तीनदा करावा, असं मीच पोरांना शिकवलेलं. तिसऱ्यांदा करायची माझी हिंमत झाली नाही.

तुकडा संपत आला. सुईखाली कापड नसलं तर काय होईल, कुणाला ठाऊक. "कापड द्या," मी म्हणाले, "काहीही द्या."

दुकानदारानं का म्हणून विचारलं नाही. ठिगळं जोडताना आम्ही बायका दोरा न तोडता एकामागे एक तुकडे सोडतो, तशा तो चिंध्या सरकवत गेला. चिंध्या संपल्या. त्यानं रुमाल दिला. मग मशीन पुसायचं फडकं.

माझ्या पोटऱ्या भरून आल्या, छाती धडधडायला लागली. माझ्यात जेवढा दम आहे तेवढा घे रे बाबा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. अगदी मनापासून म्हणत होते.

मग फोनमध्ये रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, बाळाचं.

"आई, तो स्वतःहून श्वास घेतोय," लेक म्हणाली.

मी पाय उचलला. बीप चालू राहिला.

चाकही चालू राहिलं.

दुकानदारानं ते पाहिलं. "घेऊन जा," एवढंच म्हणाला.

नातू आता शाळेत जातो. आल्याबरोबर घर डोक्यावर घेतो आणि मला म्हातारीला मागे पळायला लावतो. गोधडी त्याला आखूड पडते, तरी सोडत नाही. मशीन आतल्या खोलीत आहे. चाक सावकाश फिरत असतं. दुरुस्तीवाल्याला मी दारातूनच परत पाठवते.

काल खेळता खेळता नातवानं चाकाकडे हात नेला. त्याचा श्वास अडकेल या भीतीनं मी अशी ओरडले की लेक स्वयंपाकघरातून धावत आली. तो मात्र घाबरला नाही. हात मागे घेऊन समजूत काढल्यासारखा म्हणाला, "आजी, मी नाही थांबवणार. ते माझं थोडंच आहे? तुझं आहे."

आणि खेळायला निघून गेला.

मी मनगटावर बोटं ठेवून, ठोके मोजत बराच वेळ चाकाकडे बघत बसले. मग उठले आणि चाकाला तेल घातलं.