काल येऊन गेलेली बाई

सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला कुत्र्याची भीती वाटते, दाराला लागलेल्या कुलपाची वाटते, आणि पाहुणचार संपवूच न देणाऱ्या सरपंचाची तर फारच वाटते. भुताची वाटत नाही. भूत प्रश्नावलीत बसत नाही ना. कळमनुरीच्या अंजुमचंही त्या चैत्रापर्यंत असंच मत होतं, आणि कुणी भुताखेताचं बोललं की ती त्याची यथेच्छ टर उडवायची.

अंजुम म्हणजे बाजारातल्या बांगडीवाल्या जलालुद्दीनची लेक. तीन भावांच्या पाठीवरची एकुलती पोरगी, एम.ए. झालेली, आणि जिभेला दुकानावर बसून आलेली धार. हिंगोलीच्या एका संस्थेत ती देविदास सरांच्या हाताखाली काम करायची. त्या वर्षी काम होतं खैरीच्या ओढ्यापलीकडच्या तांड्यांवर फिरून बायकांना बाळंतपणाविषयी विचारायचं. ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात पाणी चढलं की तांड्यांची आखाडा बाळापूरच्या दवाखान्याकडे जायची वाट तुटायची. पूल मागून मागून लोकांचे घसे सुकले होते आणि कचेरीचं एकच पालुपद होतं, की बायका दवाखान्यात पोचतायतच, मग पूल कशाला? शेवटी ठरलं की पाहणी करा, जे निघेल ते मान्य.

आणि निघत होतं ते कचेरीच्याच बाजूचं. अंजुम घरोघर विचारायची, शेवटचं बाळंतपण कुठं झालं, काही तकलीफ झाली का. बाया सांगायच्या, दवाखान्यात झालं, बराबर झालं. एखादी म्हणायची, घरीच झालं, पण देवाच्या दयेनं निभावलं. पहिला तक्ता तयार झाला तेव्हा तो इतका स्वच्छ होता की अंजुमला त्याचा राग आला. तांड्यावर ती जिच्याकडे भाकरी खायची त्या म्हाताऱ्या जिवनबाईची नातसून मिना पोटुशी होती, भाद्रपदात दिवस भरणार होते. ऐन पुरात.

"मंग, होतो का आमचा पूल?" जिवनबाईनं विचारलं.

"आकडे नको म्हणतायत, मावशी."

जिवनबाईनं मिनाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंजुम रूपाबाईच्या घरी गेली. ऊसतोडीहून महिन्यापूर्वीच परतलेलं घर, अंगणात अजून फडावरच्या कोपीचे, झोपडीचे बांबू पडलेले. अंजुमनं पिशवीतून कागद काढला तशी रूपाबाई म्हणाली, "आता काहून? काल येऊन गेली की ती बाई. तुमच्यावानीच. समदं सांगतलं म्या."

अंजुमचं डोकं सणकलं. दुसरी कुठली तरी संस्था आपल्या ताटातलं उचलतेय असं तिला वाटलं. पण आत पाऊल टाकताच तिला वास आला. ओवा, वेखंड, बाळंतशेपा. निखाऱ्यावर टाकलेल्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत भिंतींना धरून राहतो तो गरम, कडसर वास.

"घरात कुणी बाळंतीण आहे का?"

"न्हाई. ती बसली व्हती ना इथं. तवापासून येऊन राहिला."

"काय विचारलं तिनं?"

रूपाबाईनं पदर सावरला. आवाज आपसूक खाली गेला. "म्हनली, तुला बहिनी किती. म्या म्हनलं दोन. म्हनली, त्यातल्या किती जित्या हायेत. म्हनलं, एक. धाकली बाळतपनात गेली... तिकडं, ओढ्यावर. पानी उतरायची वाट बघत बसले व्हते समदे. आनि बाई... ती इचारून राहिली तर तिचं तोंड माझ्या धाकलीवानीच दिसाया लागलं."

त्या आठवड्यात अंजुम जिथं गेली तिथं ती बाई आदल्या दिवशी येऊन गेलेली होती. प्रश्न तोच आणि वासही तोच. कुणी सांगायचं ती गोरी होती, कुणी सांगायचं सावळी. कुणी म्हणायचं उंच, कुणी म्हणायचं माझ्या खांद्याला लागेल एवढी. फक्त एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की ती आपल्या गेलेल्या बहिणीसारखी दिसत होती.

अंजुमनं हिंगोलीला जाऊन देविदास सरांना सांगितलं. सर म्हणजे पोटभर जेवून शांतपणे शंका काढणारा माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अंजुम, आपण बाळंतपणाचं कुणाला विचारतोय?"

"आयांना."

"कोणत्या आयांना? ज्या वाचल्या त्यांना. गेलेली बाई दार उघडून सांगायला येत नाही, म्हणून आपला तक्ता असा धुतल्या तांदळासारखा. बहिणींना विचारणं ही फार जुनी रीत आहे. जिथं मरणाची नोंदच नसते तिथं असंच मोजतात. मी शिकलोय हे, परीक्षेतसुद्धा लिहिलंय. आणि आपल्या प्रश्नावलीत घालायला विसरलो." ते ओशाळून हसले. "ही बाई कुठल्या विद्यापीठाची?"

दोघांनी मिळून प्रश्न घातला. पण ती बाई कोण ते कळल्याशिवाय अंजुमला अन्न गोड लागेना. तिला वाटलं, आपला फिरण्याचा क्रम कुणीतरी फोडतंय. मग सरांनी साधीच युक्ती केली. उरलेल्या तांड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घातल्या. रोज सकाळी हिंगोलीत डोळे मिटून एक उचलायची आणि अंजुमला फोन करायचा. आज कुठं जायचं ते आदल्या दिवशी खुद्द सरांनाही ठाऊक नसणार. अशी चिठ्ठी टाकली की निवडीत कुणाचा हात राहत नाही, हे सर्वेक्षणाचं पहिलं सूत्र.

पहिली चिठ्ठी निघाली ती सगळ्यांत लांबच्या, टेकाडामागच्या तांड्याची. अंजुमनं स्कूटी पळवली. तिथं पहिल्याच दाराशी कमलबाई नावाची बाई धान्य पाखडत बसली होती. अंजुमला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"काल येऊन गेली की ती," कमलबाई म्हणाली.

चिठ्ठी काल डब्यात होती. डबा सरांच्या कपाटात होता. तिनं कसाबसा कागद भरला, पाणी मागून घेतलं आणि परत निघाली.

ओढ्याशी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. ओढा कोरडा ठाक, गोटे तापलेले, वाऱ्याचं नाव नाही. स्कूटी हातानं ढकलत ती पात्रात उतरली आणि धुरीचा तो वास आला. उघड्या रानात, भर उन्हात, बंद खोलीत यावा तसा दाट. पाखरांचा आवाज बंद पडला होता. पुढं, पलीकडच्या काठाकडे, एक बाई पाठमोरी चालली होती. गोट्यांवरून चालताना पायांचा आवाज होत नव्हता.

"अहो ताई..." अंजुमला वाटलं होतं आपण दरडावू. आवाज कुजबुजीएवढाच निघाला. "थांबा जरा... तुम्ही कोणत्या संस्थेच्या?"

बाई थांबली. वळली नाही.

"तुला बहिनी किती?"

अंजुम खरं तेच बोलली. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची बायांना रोज गळ घालणारी ती, तिला खोटं बोलता आलं नाही. "एकही नाही."

मग ती बाई वळली. चेहरा होता. डोळे, नाक, ओठ, सगळं जागच्या जागी होतं. पण तो कुणासारखाच नव्हता, आणि नजर हटवली की काय पाहिलं ते आठवत नव्हतं.

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. "एकलीच व्हते... मायबाप बी गेले. माझं कोन सांगल?"

अंजुम भानावर आली तेव्हा स्कूटी आडवी पडली होती आणि पाखरं पुन्हा ओरडत होती. ती रडत होती. भीतीनं रडतेय की आणखी कशानं, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नाही.

दुसरी एखादी घरी बसली असती. अंजुमला दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली. आता ती प्रत्येक दारात तो प्रश्न स्वतः विचारत होती. ओढ्यापलीकडे विचारलाच, पण अलीकडच्या गावांतही विचारला, कारण तुलनेवाचून आकडा मुका असतो. बाया बोलत. ज्यांच्याविषयी कुणी कधी विचारलं नव्हतं त्या बहिणींविषयी भरभरून बोलत, नाव सांगत, तिला काय आवडायचं तेही सांगत. एकच गेलेली बहीण तीन जणींनी सांगितली तर ती तीनदा मोजली जाणार, म्हणून अंजुमनं आणि सरांनी नाव, सासर, साल पडताळून एकेक दुबार उत्तर गाळलं. मन घट्ट करून गाळलं.

बैठक हिंगोलीत भरली. मोठे साहेब, त्यांच्या बाजूला पुलाचे अभियंता, मागं खुर्च्यांवर तांड्यांवरच्या बाया, त्यांत जिवनबाई. अंजुमनं पडद्यावर चारच खान्यांचा तक्ता लावला. आडवे दोन: ओढ्याअलीकडची गावं आणि पलीकडचे तांडे. उभे दोन: पावसाळा आणि उरलेलं वर्ष. गेलेल्या बहिणी. तीन खान्यांत जेमतेम एकआकडी संख्या, आणि चौथ्यात, पलीकडचे तांडे आणि पावसाळा जिथं भेटतात तिथं, बाकी तिन्हींच्या बेरजेच्या कितीतरी पट.

अभियंता खाकरले. "बाई, एकच मयत चार बहिणी सांगणार. तुमचा आकडा फुगलेला आहे."

"फुगला होता, साहेब. हा गाळण्याआधीचा तक्ता, हा गाळल्यानंतरचा. अजून शंका असेल तर चौथा खाना निम्मा करा. तरी तो बाकीच्या तिन्हींना पुरून उरतो."

"पण ही सगळी ऐकीव माहिती."

त्याच क्षणी तो वास आला. ओवा, वेखंड, शेपा. साहेबांच्या शिपायानंही इकडेतिकडे पाहिलं. बापाच्या दुकानात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची त्या आवाजात अंजुम बोलली.

"तक्त्याखाली एक टीप आहे, साहेब. तेवढी वाचते. ज्या बाईला बहीणच नव्हती, ती या तक्त्यात नाही. तिचं सांगायला कुणी नाही. म्हणजे हा आकडा फुगलेला नाही, कमीत कमी आहे. खरा यापेक्षा मोठाच असणार."

अभियंत्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग मागं बसलेल्या बायांकडे, आणि हातातला पेन खाली ठेवला. मोठे साहेब पाणी प्यायले.

"मोठा पूल नंतर बघू," ते म्हणाले. "सिमेंटचे नळे टाकून नळकांडी पूल मृगाच्या आत उभा राहिला पाहिजे. हे मी लेखी देतो." मग त्यांनी विचारलं, "हा प्रश्न तुम्हाला सुचवला कुणी?"

"एका बाईनं," अंजुम म्हणाली. "तिचं नाव विचारायचं राहिलं."

बाहेर आल्यावर बायांनी तिला अक्षरशः उचललं. जिवनबाईनं तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली, रूपाबाई रडत रडत नाचली, आणि तांड्याचं गाणं कचेरीच्या आवारात असं घुमलं की रस्त्यावरची वाहनं थांबली. देविदास सर सगळ्यांना चहा पाजत फिरत होते. आयुष्यात इतका आनंद आपल्याला कधी झाला नव्हता, असं अंजुम आजही सांगते.

पूल झाला. भाद्रपदात ओढा दोन्ही काठ धरून वाहत असताना मिनाला घेऊन जीप त्या पुलावरून गेली, आणि आखाडा बाळापुरात तिला मुलगी झाली. सुखरूप.

आश्विनात अंजुम बाळाला चांदीचे वाळे आणि मिनाला हिरव्या बांगड्या घेऊन गेली. खाऊन-पिऊन झाल्यावर जिवनबाईनं तिला बाजूला घेतलं.

"ती आली व्हती काल."

अंजुमनं हातातला पेला खाली ठेवला. "काम तर संपलं, मावशी. आता काय विचारत होती?"

"काई न्हाई. लेकराकडं बघत बसली निस्ती. मंग म्याच इचारलं. म्हनलं, बाई, तू समद्यायला इचारून राहिली, तुझं तर सांग. तुला बहिनी किती?"

"मग?"

"म्हनली, आदी एकबी नव्हती. आता हाये एक. बांगडीवाल्याची पोरगी. माझं तिनंच सांगतलं, भरल्या सभेत."

अंजुमचे डोळे भरून आले. जिवनबाई मात्र तिच्याकडे पाहत नव्हती. ती पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"मंग तुमचा तो दुसरा सवाल बी म्या इचारला, पोरी. म्हनलं, बहीन जिती हाये का."

"आणि... काय म्हणाली?"

"जरा इचार केला तिनं. मंग हासली." जिवनबाईचा आवाज अगदी खाली गेला. "म्हनली, व्हय... अजून हाये."