दोनशे बारा नंबरचा बिल्ला

कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला रचून सांगता येत नाही. हे माझ्या थोरल्याच्या बाबतीत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही...

भर दुपारी. ऊन डोक्यावर असताना.

थोरल्याचं काम झाडं तपासायचं. कुणी घर विकत घ्यायला निघालं की विमा कंपनी विचारते, शेजारचं झाड घरावर पडेल का? मग हा जातो. लाकडी हातोड्याने खोड ठोकून बघतो, पोकळ वाजतंय का. टेप लावून झाडापासून भिंतीपर्यंत मोजतो. शेवटी खोडावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याने ठोकतो. नेहमी रस्त्याच्या बाजूला. कंपनीच्या साहेबाला गाडीतून उतरायचे कष्ट नकोत ना!

अठरा वर्षांत एक शब्द खोटा लिहिला नाही त्याने. माझ्या पोटचा आहे.

त्या दिवशीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. घेणारं तरुण जोडपं आत खोल्या बघत होतं, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. झाडासमोरची खोली बाळाची, हे त्यांचं ठरलंसुद्धा होतं. घर विकणारा म्हातारा पायरीवर बसलेला. तोंड कारलं खाल्ल्यासारखं.

"मोज, ठोक, काय हवं ते कर," म्हातारा म्हणाला. "खिळा तेवढा मारू नकोस."

"का हो आजोबा, झाडाला दुखतं?"

"तुझ्या टाळक्यात मारून बघू का?"

थोरला हसला. हट्टी आहे. माझ्यावर गेलाय.

खोड भरीव वाजलं. अंतर भरलं एकवीस फूट. त्याने बिल्ला ठोकला. नंबर दोनशे बारा.

खिळा आत गेला आणि...

फांद्यांवरची पाखरं गप्प झाली. सगळी. एकदम.

त्याने लक्ष दिलं नाही. गाडीत बसून डबा खाल्ला आणि फोटो काढायला परत आला.

बिल्ला नव्हता.

खिळ्याचं भोकही नव्हतं. साल कोरी.

तो खोडाला वळसा घालून मागे गेला...

बिल्ला तिथे होता. बाळाच्या खिडकीकडे तोंड करून.

"आजोबा, चेष्टा पुरे. कुणी काढून इकडे ठोकला?"

"मला उठायला अर्धा तास लागतो रे गाढवा. मी कशाला ठोकतोय?"

थोरल्याने पुन्हा टेप लावला.

एकोणीस फूट.

पुन्हा लावला.

अठरा.

आत बाळ रडायला लागलं...

"सांगितलं होतं तुला," म्हातारा म्हणाला. "आता झाडाने तुला ओळखलंय."

थोरला गाडीत कागद घेऊन बसला. पोकळ, कीड, झुकलेलं, मुळं उघडी... सगळ्याला रकाने होते. वळून घराकडे सरकणाऱ्या झाडाला रकाना नव्हता. खरं लिहावं, तर झाड ठणठणीत. मग ते बाळ त्या खिडकीत झोपणार.

त्याने जन्मातलं पहिलं खोटं लिहिलं. 'खोड आतून पोकळ. घर घेऊ नये.'

जोडपं दुसरीकडे गेलं. घर विकायला घेतलेला दलाल संतापला. त्याने झाडच तोडून टाकलं. खोड शेंड्यापर्यंत भरीव निघालं. त्याने फोटो कंपनीला पाठवले आणि थोरल्याची नोकरी गेली.

बिल्ला मात्र लाकडात सापडला नाही.

थोरला माझ्याकडे राहायला आला. माझ्या घराभोवती नुसतं सिमेंट. झाड सोडा, गवताची काडी नाही.

"आई, मी खोटं लिहिलं गं."

"बाळ वाचलं ना? मग गप जेव."

आठव्या दिवशी त्याच्या खोलीत केर काढताना मान वर केली...

पलंगासमोरच्या भिंतीत बिल्ला. दोनशे बारा. प्लास्टरला साधा तडा नाही.

मी ओरडले नाही. ओरडायला मी काय नवी नवरी आहे? पक्कड आणली, उपटला आणि गटारात फेकला.

सकाळी परत तिथेच.

मला टेपवरचे फूट-इंच कळत नाहीत, पण वितीने मोजता येतं. बिल्ल्यापासून उशीपर्यंत बारा विती भरल्या. दुसऱ्या दिवशी दहा. पलंग तिथेच, भिंत तिथेच. मग नऊ.

थोरल्याला काही बोलले नाही. घोरतोस म्हणून बाहेरच्या खोलीत हाकलला. त्या पलंगावर आता मी झोपते. खिळा मारणारा माझ्या पोटचा, तेव्हा भांडायचं तर झाडाने माझ्याशी भांडावं.

आज सकाळी चार विती भरल्या.

माझाच हात मोठा झाला की काय, म्हणून बांगडी चढवून बघितली...

नेहमीसारखीच चढली.