अजून एक थेंब

भक्ती गेल्याचं कळलं, तो मंगळवार होता. मी दुकानामागच्या खोलीत टाकीसमोर बसलो होतो. छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी काढून ठेवलं होतं. मंगळवारी आम्ही पाणी तपासायचो, आणि ती नांदेडच्या दवाखान्यातून येईपर्यंत तयारी असावी असं मला वाटलं होतं. तिच्या बहिणीचा, चंदाचा फोन आला. तिला बोलता येईना. मग मला कळलं. बाटली तशीच राहिली.

आता सुरुवातीपासून सांगतो. सुरुवात चांगली होती.

मी महारुद्र. परभणीत जिंतूर रोडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मला रेल्वेत जायचं होतं. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि त्यातला एकही आकडा मला दिसला नाही. लाल आणि हिरवं मला सारखंच मातकट दिसतं. तांब्याची तार सगळी एकाच रंगाची, म्हणून हा धंदा.

एका डॉक्टरांकडे पंप दुरुस्तीला गेलो होतो. त्यांची पुण्याला बदली झालेली. म्हणाले, "महारुद्र, ही खाऱ्या पाण्याची टाकी तूच ने." आत दोन पट्ट्यांचे मासे आणि जिवंत पोवळ्याचा झुपका, प्रत्येक डोक्यातून हातोडीसारखी मऊ बोटं बाहेर आलेली. पोवळं पाण्यातल्या अल्कलिनिटीतून आपला सांगाडा बांधतं, घर बांधायला चुना लागतो तसं. ती कमी झाली की ते मरतं. म्हणून दर आठवड्याला तपासायचं आणि कमी पडेल तेवढी तिची पूड टाकीत घालायची. बाटलीतलं पाणी रंगाच्या औषधानं हिरवट करायचं, मग पिचकारीनं दुसऱ्या औषधाचा एकेक थेंब टाकायचा, हिरवटाचं गुलाबी झालं की थांबायचं; किती थेंब लागले त्यावरून आकडा निघतो.

मी थांबणार कसा?

पाण्याची बाटली आणि ती औषधं घेऊन माती-पाणी तपासायच्या केंद्रावर गेलो. रांगेत सगळे शेतकरी. खिडकीत एक मुलगी बसली होती, वेणी पुढं घेतलेली. तिनं माझ्या पाण्यात मीटर बुडवलं, आकडा बघितला, मग मला बघितलं.

"कुठली विहीर हो, दादा?"

"घरचं पाणी आहे."

"या पाण्यावर कुसळ बी उगवणार न्हाई. काय लावलंय?"

"मासे."

"गोदावरीतले?"

"समुद्रातले."

ती हसली नाही, पण हसू दाबताना तिच्या गालाला खळी पडली... "समुद्र कुठं हाय म्हणे परभणीत?"

"जिंतूर रोडला. दुकानाच्या मागं."

मागचा शेतकरी म्हणाला, "बाई, आमची बी माती बघा की."

तिनं मला बाजूला बसवलं. रांग संपल्यावर माझी बाटली हातात धरली. मी थेंब टाकू लागलो. मला काही कळेना, म्हणून म्हणालो, "इथं उजेड कमी आहे."

"उजेड लय हाय," ती म्हणाली. मग ओढणीचं टोक पुढं धरलं. "याचा रंग सांगा बरं."

"छान आहे."

"रंग विचारला मी."

मी खाली बघितलं. "...मला नाही कळत."

मला वाटलं, आता हसेल. तिनं ओढणी सोडली. "मग सिग्नलला काय करता, दादा?"

"वरचा लागला की थांबतो. आणि दादा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

मी माझं नाव सांगितलं. तिचं नाव भक्ती, हे मी जाताना विचारून घेतलं.

मग मंगळवार ठरला. केंद्र सुटलं की ती दुकानावर यायची, सोबत चंदा. चंदा स्टुलावर शेंगा खात बसायची आणि आमच्यावर डोळा ठेवायची. भक्ती बाटली उजेडात धरायची, मी थेंब टाकायचो. "टाका... अजून एक थेंब... थांबा." तिच्या 'थांबा'वर माझा आठवडा चालायचा.

एकदा ती पोवळ्याकडं बघतच राहिली. "अहो, हे पांढरं पडायलंय."

मला ते नेहमीसारखंच दिसत होतं. मी तर पाणी इतकं स्वच्छ ठेवलेलं, गाळण्या धुतलेल्या, माशांना चिमूटभरच खायला. तिनं नायट्रेट आणि फॉस्फेट तपासलं. दोन्ही शून्य.

"चांगलं ना?" मी म्हणालो.

"काय चांगलं? खत तोडलंय तुमी त्याचं. घास न्हाई पोटात. आमच्याकडं कापूस असाच पिवळा पडतो."

"पण घाण झाली की शेवाळ येतं."

"म्हणून उपाशी मारता व्हय? थोडी घाण राहू द्या संसारात."

"संसारात?" चंदा म्हणाली.

भक्तीचे कान लाल झाले असणार. मला दिसलं नाही, पण तिनं वेणी कानावर ओढली, तेवढं दिसलं.

माशांना आम्ही दोन वेळा खायला घालू लागलो. पोवळ्यात हळूहळू रंग भरला. "कोणता?" मी विचारायचो. "आज हुरड्यासारखा," ती म्हणायची. पुढच्या वेळी, "पावसानंतरच्या बाभळीसारखा." मला तेवढ्यानं दिसायचं.

मग एका मंगळवारी चंदा आली नाही. भक्तीनं बाटली धरली, मी थेंब टाकत राहिलो. एक... अजून एक... ती थांबा म्हणेना. पिचकारी रिकामी झाली.

"बदलला नाही?"

"कवाच बदलला."

"मग सांगितलं का नाही?"

ती बाटलीकडंच बघत होती. "तुमी थांबला असता."

त्याच महिन्यात मी तिच्या घरी मागणी घातली. रुखवतात लोकांच्या मुली देवळं करतात, बैलगाड्या करतात. चंदानं थर्माकोलची टाकी केली, आत कागदी मासे आणि कापसाचं पोवळं, पुढं काचेऐवजी लाल जिलेटीन कागद. माझी मावशी म्हणाली, "काय बाई, मासे रुखवतात?" भक्ती म्हणाली, "मावशी, आमचं लग्न त्यांनीच जमवलंय."

आमचे दिवस चांगले गेले. पोवळ्याची डोकी वाढत गेली. मग भक्तीचं दुखणं, नांदेडचा दवाखाना, आणि तो मंगळवार.

तिच्यानंतर मी टाकीत अंदाजानं पूड घालत गेलो. पोवळं आक्रसलं. आतला सांगाडा बोटाला लागू लागला. चंदा म्हणाली, "दाजी, मंगळवारी मी येते. रंगच तर बघायचा हाय." मी नको म्हणालो. भक्तीच्या जागी दुसरं कुणी मला चालणार नव्हतं. पण पोवळं मेलं तर तिनं जगवलेलंही गेलं, हेही मला कळत होतं.

दुकानाच्या माळ्यावर उंदरांचा आवाज आला म्हणून एका सकाळी रुखवत खाली काढलं. थर्माकोल कुरतडलेलं. कागद शाबूत होता. ते टेबलावर ठेवलं, आणि मागं तपासायची बाटली होती, सवयीनं पाणी आणि रंगाचं औषध घालून ठेवलेली. लाल कागदातून तिच्यातलं पाणी काळंभोर दिसलं.

मी खाली बसलो. तसाच कागदातून बघत थेंब टाकू लागलो. काळं... काळं... अजून एक थेंब. आणि पाणी लख्ख उजळलं, आत दिवा लावल्यासारखं.

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा मी थांबलो.

पाणी बदलून पुन्हा केलं. पुन्हा उजळलं, त्याच थेंबाला. कागदातून हिरवट काळं दिसत होतं आणि गुलाबी उजळ. आकडा काढला, अल्कलिनिटी फार खाली गेली होती. त्या दिवसापासून थोडी थोडी चढवत नेली. एकदम चढवली तर पोवळं जळतं. मी घाई केली नाही. हातोडीसारखी बोटं एकेक करून बाहेर आली. आता झुपका पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि एका डोक्याची दोन होताना दिसतायत. गिऱ्हाइकं मोटार ठेवायला येतात आणि आत येऊन बघत बसतात. परवा एक मुलगी आईला म्हणाली, "हिरवं हाय बघ, हुरड्यावानी." मी मोटार सोडून तिला पुन्हा सांगायला लावलं.

नायट्रेटचं, म्हणजे त्याच्या खताचं, मात्र जमत नाही. त्यात पाणी गुलाबी होतं, आणि किती गुलाबी ते कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचं असतं. लाल कागदातून सगळे गुलाबी सारखेच उजळ दिसतात. त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात.

चंदाला फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.