कात्री पडल्याचा आवाज

"दोन मिनिटं चोरीला गेलीत, मॅडम," फोनवर मॅनेजर म्हणाला.

इन्स्पेक्टर बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"सिनेमातली दोन मिनिटं. शिंप्याचा सीन. काल शेवटच्या शोला होता, आज सकाळच्या शोला नाही. पब्लिकनं फक्त खुर्च्या मोडायच्या बाकी ठेवल्या."

बाई थिएटरवर पोहोचल्या तेव्हा दुपारच्या शोची रांग लागली होती. सिनेमा विलायती, गोदीवर दहशत बसवणाऱ्या तीन खऱ्याखुऱ्या भावांचा. तिघंही कधीचे तुरुंगात मेले होते. पडद्यावर मात्र रोज चार वेळा जिवंत होत, आणि चारही वेळा लोक त्यांच्यासाठी टाळ्या पिटत.

बाईंनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता, तिसऱ्या रांगेत बसून. भावांविरुद्ध साक्ष द्यायला निघालेला एक शिंपी. सीन सुरू होतो तोच तो दारात वाकून दुकानात येतो, आत भाऊ दिसतात, त्याच्या हातातली कात्री पडते. मग तो घसरणारी पँट सावरत त्यांच्या पाया पडतो, साक्ष मागे घेतो, आणि तरी मरतो. सगळं थिएटर हसलं होतं. बाईसुद्धा.

दाराशी दोरीला बांधलेली एक वही होती. सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्यानं त्यात दोन शब्द लिहावेत, अशी इथली जुनी रीत. बाईंनी पानं चाळली.

'झकास. धाकटा भाऊ म्हणजे वाघ.'

'शिंप्यासाठी पाचव्यांदा आलो. पोट दुखेपर्यंत हसलो.'

'असे मर्द आता राहिले नाहीत.'

आणि परवाच्या पानावर, कोपऱ्यात, टाके घालावेत तशा बारीक अक्षरांत: 'तो शिंपी डावखुरा होता.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. सिनेमात कात्री उजव्या हातातून पडत होती.

"हे कुणी लिहिलं?"

"कोण जाणे," डोअरकीपर म्हणाला. ताडमाड माणूस, सगळे त्याला शिडी म्हणत. "लोक काय वाट्टेल ते लिहितात. परवा एकानं स्वतःच्या लग्नाचा पत्ता लिहिला."

"सकाळचा शो तू पाहिलास?"

"दारातून. शिंपी आलाच नाही. त्याच्या जागी एकदम भावांची दारूची पार्टी. आणि गंमत म्हणजे पेले उचलताना कात्री पडल्याचा आवाज आला. खण्णकन. तिथं कात्री कुठून आली? पब्लिकनं अशा शिट्ट्या मारल्या की बस."

वर ऑपरेटरची खोली. लांबोळकी, तेलाच्या वासाची, पण एका खिडकीतून भरपूर उजेड. मोठं यंत्र, फीत गुंडाळायचं टेबल, त्यावर चिकटपट्टी, पातं, काळ्या शाईची बाटली. खिडकीखाली शिवणयंत्र, आणि त्यावर वाकलेली एक म्हातारी. खुर्च्यांची फाटकी कव्हरं तिच्याभोवती डोंगरासारखी पडली होती. ती गुणगुणत होती.

*सुई गं माझी बाई, दोऱ्याविना उपाशी...*

बाईंना पाहून ती थांबली. उजव्या हातानं चष्मा वर केला, उजव्या हातानं सुईत दोरा ओवला, मग कात्री डाव्या हातात घेऊन कापड सरळ रेषेत उतरवलं.

"या आमच्या शिवणमावशी," ऑपरेटर म्हणाला. साठीचा माणूस, आवाज मऊ. "खाली अंधार असतो ना, म्हणून सकाळपासून इथंच बसतात."

मॅनेजर मागोमाग चढून आला. धापा टाकत म्हणाला, "मॅडम, किल्ली एकच, ती यांच्या गळ्यात. आणि पहिल्या दिवसापासून यांची कुरकुर, चोरांना काय डोक्यावर घेऊन नाचता म्हणून. सोमवारी फिल्म कंपनीचा माणूस रीळ तपासायला येतोय. मी यांचं नाव देणार. एकतीस वर्षांची नोकरी गेली पाण्यात."

शिवणयंत्राचा आवाज एकदम बंद पडला.

"काका, या खोलीत आणखी कोण येतं?"

"बाहेरचं कोणी नाही."

"सकाळी तुम्ही इथून हलता?"

"नऊ ते साडेनऊ. खाली जाऊन स्पीकर ऐकतो."

"कुलूप लावून?"

ऑपरेटरनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"शाईची बाटली कशाला?"

"फीत तुटली की जोडावी लागते. पण चित्राचा आवाज चित्राशेजारी नसतो हो. फितीवर तो सेकंदभर आधी छापलेला असतो. म्हणून चित्र कापलं तरी त्याचा सेकंदभर आवाज मागे राहतो. तेवढ्या जागेवर शाई फासायची. नाहीतर मेलेल्या चित्राचा आवाज पुढच्या चित्रावर वाजतो."

"जोड दाखवा."

त्यानं रीळ उलगडलं. काप सरळ होता, चिकटपट्टी नेटकी. शाईचा ठिपकाही नव्हता. जोडाशेजारच्या एका भोकात बारीकसा पांढरा धागा अडकला होता. बाईंनी तो नखानं ओढून काढला.

"लिहा मॅडम," ऑपरेटर घाईघाईनं म्हणाला. "मीच कापलं. म्हातारपणी डोकं फिरलं. माझ्यावरच घ्या."

"कबूल केलं," मॅनेजर म्हणाला. "सुटलो."

"बसा," बाई म्हणाल्या. "दोघंही."

बाईंनी धागा टेबलावर ठेवला.

"काका, एकतीस वर्षांत तुम्ही शाई विसरलात असं कधी झालंय? आज सकाळी पार्टीच्या चित्रावर कात्री खणकली. ज्यानं कापलं त्याला फीत जोडणं माहीत होतं, कारण त्यानं ते रोज शेजारी बसून पाहिलं. शाईही पाहिली असेल. पण ती कशासाठी, हे बघून कळत नाही. आवाज दिसत नाही. तुम्ही सकाळी तो खणखणाट ऐकलात आणि त्याच क्षणी ओळखलंत. मला म्हणालात, बाहेरचं कोणी येत नाही. खोटं नाही बोललात. घरचं माणूस येतं."

ऑपरेटरनं मान खाली घातली.

"हा दोरा कच्च्या टाक्याचा. कुठून कुठपर्यंत कापायचं, याची खूण शिंपी खडूनं करतात, आणि खडू उमटत नाही तिथं टाक्यानं. आणि खाली वहीत कुणीतरी लिहिलंय, तो शिंपी डावखुरा होता. सिनेमा पाहून हे कळणार नाही, कारण सिनेमात ते चुकलंय. हे त्याच्या घरच्यालाच ठाऊक." बाई खिडकीकडे वळल्या. "मावशी, तुम्ही सगळं उजव्या हातानं करता. कापड तेवढं डाव्या हातानं कापता. का?"

मावशीनं कात्री मांडीवर ठेवली. पात्यांची ठेवण उलटी होती, मुठी झिजून गुळगुळीत झालेल्या.

"ही उजव्या हातानं चालतच नाही," ती म्हणाली. "त्याची आहे. माझ्या दादाची. बोटीनं गेला, तिकडं दुकान टाकलं. परत आली ती ही कात्री आणि कोर्टाचं एक पत्र. मग मी डावा हात शिकवला. हात काय, शिकतो."

"पत्रात काय होतं?"

"तिघं दुकानात आले. म्हणाले, साक्ष मागे घे. दादा म्हणाला, नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. शेजारीण पडद्याआड ऐकत होती. तिनं कोर्टात सांगितलं, म्हणून तर ते आत गेले." तिचा स्वर चढला नाही. "सिनेमात तो पाया पडतो. पँट सावरतो. खाली रोज चारदा हसतात, इथं फरशीतून ऐकू येतं. दोन आठवडे ऐकलं. काल ते हसणं ऐकता ऐकता मशीनच्या सुईखाली बोट गेलं माझं, तेव्हा ठरवलं."

"काकांवर येईल, हा विचार नाही केलात?"

"नाही केला." ती ऑपरेटरकडे पाहू शकली नाही. "तेवढीच चूक झाली. बाकीचं पुन्हा करीन."

"तुकडा कुठाय?"

मावशीनं शिवणयंत्राचं झाकण उचलून बशीएवढी गुंडाळी काढली. जुन्या रेशमी कापडात, बाळाला गुंडाळावं तशी.

"जाळणार होते. काडीही पेटवली होती. पण दादाचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडं. त्या नटाचा चेहरा वेगळाच आहे. फक्त दुकानात येताना दारात थोडा वाकतो ना, तसा दादाही वाकायचा. उंच होता."

मॅनेजरनं गुंडाळी उचलून ऑपरेटरच्या हातात दिली. मग म्हणाला, "मिळाला ना, मग झालं. तक्रार मागे घेतो, उगाच भानगड नको. पण मावशी, उद्यापासून येऊ नका."

ती यंत्राचा पट्टा सोडवू लागली. बाईंच्या जवळून जाताना थबकली.

"तुम्ही पहिल्या दिवशी तिसऱ्या रांगेत होतात. मधल्या खुर्चीत. कव्हर ठीक बसलंय का, हे बघायला मी उभी होते." तिनं थोडा श्वास घेतला. "छान हसता तुम्ही."

जिना उतरताना तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

*सुई गं माझी बाई, दोऱ्याविना उपाशी,*
*भाऊ गेला दूरदेशी, कात्री उरली उशाशी.*

ऑपरेटरची नोकरी वाचली. तुकडा त्यालाच जोडावा लागला. जोड इतका साफ आला की सोमवारी कंपनीच्या माणसाला तो भिंग लावूनही सापडला नाही. मॅनेजरनं मात्र बाहेर फळा लावला होता: 'ज्याच्यासाठी चोरी झाली तो सीन पाहा.' रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

त्या दिवशी इन्स्पेक्टर बाई साध्या कपड्यांत शेवटच्या रांगेमागे उभ्या होत्या. शिंपी दारात वाकला. कात्री पडली. तो खणखणाट कुणालाच ऐकू आला नाही. लोक त्याच्या आधीच हसायला लागले होते.

बाहेर येऊन त्यांनी वही उघडली. बारीक अक्षरांच्या त्या ओळीखाली लिहिलं: 'पहिल्या दिवशी मी हसले होते.' आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं: 'मी तर चारदा हसलो.'